एकत्र ऐकण्याची रीत : ग्रामोफोनच्या कर्ण्यापासून मेटलच्या लिसनिंग पार्टीपर्यंत

नव्या अल्बमची लिसनिंग पार्टी म्हणजे ध्वनिमुद्रित संगीत अनेकांनी एका जागी जमून, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रम न मोडता ऐकण्याचा कार्यक्रम. बँडचे लोक हजर असले तरी ते वाजवत नाहीत. मंचावर ड्रम नसतात, गिटार नसते. असतात ते स्पीकर. अल्बम बाजारात येण्याच्या काही दिवस आधी किंवा आदल्या रात्री हा कार्यक्रम होतो. बहुतेक ठिकाणी मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात, गीतांचे शब्द हातात देतात, आवाज घरात कधीच ठेवता येणार नाही इतका मोठा ठेवतात, आणि शेवटचे गाणे संपल्यावर वादक श्रोत्यांशी बोलतात. हेवी मेटल या संगीतप्रकारात या कार्यक्रमाला मोठा मान आहे. मुंबईत आणि दहिसरच्या पलीकडच्या मीरा रोड-भाईंदरपर्यंतच्या उपनगरांत राहणाऱ्या मेटलच्या चाहत्यांना ही रीत परदेशातून आयती आल्यासारखी वाटते. पण रेकॉर्ड एकत्र बसून ऐकण्याची सवय या मुलखाला मेटलच्या जन्माच्या साठ-पासष्ट वर्षे आधीपासून आहे.

हिंदुस्थानातले पहिले मोठे व्यापारी ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांच्यासह अनेक गायकांची गाणी मेणाच्या तबकड्यांवर घेतली. त्या तबकड्या बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेल्या आणि तिथे छापलेल्या रेकॉर्डी इकडे विकायला आल्या. १९०८ मध्ये कंपनीने कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना काढला. रेकॉर्डीला लागणारी लाख याच देशातल्या जंगलांतून जात असे, त्यामुळे कारखाना इथे येणे हिशोबाला धरूनच होते.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची रेकॉर्ड एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे. तेवढ्यात गायकाला बंदिश, ताना आणि समेवर येणे असे सगळे आटपावे लागे. यंत्राला किल्ली द्यायची, पोलादी सुई दर बाजूनंतर बदलायची, रेकॉर्ड उलटायची, पुन्हा किल्ली द्यायची, असा तो खटाटोप होता आणि यंत्राची किंमत सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर होती. त्यामुळे ज्याच्या घरी ग्रामोफोन, त्याच्या घरी संध्याकाळी माणसे जमत. गिरगावच्या चाळीत एका बिऱ्हाडातला कर्णा साऱ्या मजल्याला ऐकू जाई, आणि गॅलरीत उभे राहून ऐकणाऱ्यांना कोणी उठवत नसे. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांची पदे अशी असंख्य लोकांनी ऐकली, ज्यांच्या गावी नाटक कंपनीचा मुक्काम कधी पडला नव्हता. ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी गाऊन ध्वनिमुद्रित केली, तिथून मराठी भावगीताचा प्रवास सुरू झाला असे मानले जाते. म्हणजे हा एक अख्खा गानप्रकार रंगमंचामुळे नव्हे, तर रेकॉर्डीमुळे रुजला. मुंबईतच १९३५ मध्ये 'यंग इंडिया' या छापाच्या देशी रेकॉर्डी निघू लागल्या आणि पुढची वीस वर्षे त्या विकल्या गेल्या.

ग्रामोफोनच्या जोडीला रेडिओ आला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि संच महाग, म्हणून गावात तो पंचायतीच्या कचेरीत नाहीतर चहाच्या हॉटेलात असे. रेडिओ सिलोनवर डिसेंबर १९५२ मध्ये बिनाका गीतमाला सुरू झाली, तेव्हा बुधवारच्या रात्री पानाच्या ठेल्यांपुढे आणि हॉटेलांपुढे जमणारी गर्दी हा एकत्र ऐकण्याचाच प्रकार होता. मुंबईच्या काही इराणी हॉटेलांत ज्यूकबॉक्स होते. नाणे टाकणारा एक आणि ऐकणारी सगळी टेबले. काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाउस हे १९४० च्या दशकात सुरू झालेले दुकान गिऱ्हाइकाला रेकॉर्ड घेण्याआधी छोट्या खोलीत बसून ऐकू देई. त्या खोल्यांत आवडीचे संगीत पहिल्यांदा ऐकलेली पिढी मुंबईत अजून आहे.

मुंबईत हे चालले होते तेव्हा भाईंदर मिठागरांचे गाव होते. वसईच्या खाडीवर पूल होऊन बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी १८६४ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोचली आणि भाईंदरचे मीठ रेल्वेने बाहेर जाऊ लागले. राई, मुर्धे, मोर्वे, नवघर, काशी, घोडबंदर ही आगरी आणि शेतकरी वस्तीची गावे. उत्तन, पाली, चौक, डोंगरी या किनाऱ्याच्या पट्ट्यात कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती. भाईंदर ज्या साष्टी बेटावर आहे त्यावर आणि वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत चालला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो संपला, पण चर्चमधले समूहगायन आणि व्हायोलिन मागे राहिले, आणि पुढे लग्नाच्या वरातीत ब्रास बँडही आला. मुंबईच्या मेटलविषयी लिहिताना या गोष्टीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही आणि ती उणीव मोठी आहे. पाश्चात्त्य स्वरमेळ, गिटार, ड्रमचा संच ही या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस टीव्हीवरून उतरलेली नवलाई नव्हती. सणालग्नाला ती वाद्ये वाजत होती, आणि १८६५ मध्ये स्थापन झालेल्या, धोबी तलावावरच्या फुर्टाडोसारख्या दुकानांत विकत मिळत होती.

हेवी मेटलचा आरंभ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला. ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. बँडचे गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली होती. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच. बोटांवर घरी बनवलेल्या टोप्या चढवून त्यांनी वाजवणे पुन्हा सुरू केले, आणि बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून पुढे तारा सैल करून गिटार खालच्या सुरात लावली. मेटलचा जो जड, गडद नाद ओळखीचा झाला, त्यामागे ही दुखापत आहे.

मेटलमध्ये रेकॉर्ड एकत्र ऐकण्याची परंपरा लंडनमध्ये आकाराला आली. शहराच्या वायव्येला किंग्जबरी येथे एका पबला जोडून 'बँडवॅगन' नावाचा हॉल होता. नील के या डीजेने १९७५ च्या सुमारास तिथे आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री फक्त हार्ड रॉक आणि मेटलच्या रेकॉर्डी लावायला सुरुवात केली. ध्वनियंत्रणा जोरदार होती, म्हणून त्या जागेला 'साउंडहाउस' म्हणू लागले. नाचायला येणारे थोडे. बहुतेक जण स्पीकरसमोर उभे राहून मान झटकत ऐकत, काही जण पुठ्ठ्याची किंवा लाकडाची खोटी गिटार घेऊन वाजवण्याचा अभिनय करत. श्रोत्यांनी कोणत्या गाण्यांची मागणी केली याची यादी 'साउंड्स' या साप्ताहिकात छापून येई. आयर्न मेडन या नवख्या बँडने १९७८ च्या अखेरीस केंब्रिजच्या एका स्टुडिओत केलेले ध्वनिमुद्रण नील के यांच्या हाती दिले. तिथे ते इतके चालले की त्यातले एक गाणे त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. मग बँडने नोव्हेंबर १९७९ मध्ये त्यातली तीन गाणी 'द साउंडहाउस टेप्स' या नावाच्या रेकॉर्डीवर स्वतः काढली आणि त्या रेकॉर्डीच्या पाच हजार प्रती टपालाने विकल्या. पुढे जगभर गाजलेल्या या बँडचे पहिले ध्वनिमुद्रण ज्या जागेच्या नावावर निघाले, ती वाजवण्यापेक्षा ऐकण्याची जागा होती. मेटलच्या इतिहासात श्रोत्यांचे स्थान किती वरचे आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण.

मोठ्या प्रमाणावरची लिसनिंग पार्टी मेटालिकाने केली. बँडचा स्वतःच्याच नावाचा, काळ्या वेष्टनाचा अल्बम १२ ऑगस्ट १९९१ रोजी प्रसिद्ध व्हायचा होता. त्याआधी ३ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो चाहत्यांना विनामूल्य बोलावून बारा गाण्यांचा तो तासाभराहून थोडा लांब अल्बम मोठ्या ध्वनियंत्रणेवर ऐकवण्यात आला. एवढ्या मोठ्या सभागृहात माणसे कोणाचे वाजवणे पाहायला नव्हे, तर रेकॉर्ड ऐकायला आली होती. कंपन्यांना यात जाहिरातीचे साधन दिसले आणि तेव्हापासून ही प्रथा नव्या अल्बमच्या प्रकाशनाचा ठरलेला भाग झाली. २०२३ मध्ये याच बँडने '७२ सीझन्स' हा अल्बम प्रसिद्धीच्या आदल्या रात्री जगभरातल्या चित्रपटगृहांत ऐकवला.

मुंबईत रॉक संगीत पोचले ते बँडच्या दौऱ्यांपेक्षा रेकॉर्डींमधून. परदेशी बँड क्वचितच येत. ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या क्लबात वाजवले. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले. १९७० आणि १९७१ च्या सिमला बीट स्पर्धांमधल्या देशी बँडांच्या एलपी निघाल्या. पुढे १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड स्थापन झाला. त्याचेच नाव नंतर इंडस क्रीड झाले.

धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचे रंगभवन हे खुले नाट्यगृह या संगीताचे माहेर ठरले. तिथे नाटके होत, १९७८ पासून जॅझ यात्रा भरे, मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' हा इंग्लिश बँड तिथे वाजवून गेला. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव, चाहत्यांच्या तोंडी 'आय-रॉक', रंगभवनातच वाढला. काळे टी-शर्ट घातलेली कॉलेजची पोरे विरार, कल्याण आणि पनवेलकडून येऊन तिथे जमत. अनेक देशी मेटल बँडांना मोठा श्रोतृवर्ग पहिल्यांदा भेटला तो तिथे.

वर्षातून एकदा मैफल आणि उरलेले दिवस कॅसेट, असे ते आयुष्य होते. मुंबईतल्या मेटलच्या श्रवणाचा खरा इतिहास या कॅसेटींमध्ये आहे. परदेशी मेटलच्या अधिकृत कॅसेटी भारतात उशिरा आणि थोड्या निघत. आखातात नोकरीला असलेला नातेवाईक, बोटीवर काम करणारा शेजारी, फोर्टच्या फुटपाथवरचा विक्रेता यांच्याकडून एखादी मूळ प्रत हाती लागे. मग ज्याच्याकडे दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर, त्याच्याकडे सगळे जमत. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटीच्या एका बाजूला एक अख्खा अल्बम मावे, दुसऱ्या बाजूला दुसरा. साध्या वेगाने नक्कल करायला मूळ कॅसेट वाजेल तितकाच वेळ लागे, आणि नक्कल होईपर्यंत खोलीतल्या सगळ्यांनी ती ऐकायची, हे ओघानेच आले. नकलेची नक्कल करत गेले की सुरसुर वाढत जाई आणि झांजांचा आवाज विरत जाई. आतल्या कागदावर गाण्यांची नावे बॉलपेनने लिहीत. बँडचे चिन्ह हुबेहूब काढता येणाऱ्या पोराला टोळीत विशेष भाव असे. कॅसेटवर पुढचे गाणे शोधणे त्रासाचे, म्हणून अल्बम सलग ऐकला जाई. गाण्यांच्या क्रमाला अर्थ असतो, मधल्या शांत तुकड्यानंतर येणारा आघात वादकाने मुद्दाम योजलेला असतो, हे त्या पिढीला वेगळे शिकवावे लागले नाही.

त्या खोल्यांत होत होते ते सगळे आजच्या लिसनिंग पार्टीत होते: नवा अल्बम, एकच प्रत, जमलेले श्रोते, गाणी चालू असताना शांतता आणि संपल्यावर तास-दोन तास वाद. फक्त निमंत्रणपत्रिका नव्हती.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आले आणि कॅसेटवरच्या आवाजांना चेहरे मिळाले. रॉक स्ट्रीट जर्नल हे अमित सैगल यांनी अलाहाबादेत काढलेले मासिक देशभरच्या बँडांच्या बातम्या देई. त्यांनीच पुढे ग्रेट इंडियन रॉक हा महोत्सव सुरू केला आणि देशी बँडांच्या गाण्यांचे संग्रहही प्रसिद्ध केले. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत वाजवून गेले.

२००० मध्ये मुंबईत डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड उभा राहिला. त्याचे प्रमुख साहिल मखीजा यांनी डेमनस्टीलर रेकॉर्ड्स ही संस्था काढून स्वतःचे आणि इतरांचे मेटल अल्बम प्रसिद्ध करायला घेतले. मोठ्या कंपन्यांना या संगीतात रस नव्हता, त्यामुळे ध्वनिमुद्रण, छपाई, विक्री सगळे बँडनेच पाहायचे. भयानक मौत, स्क्राइब, झिग्निमा, गटस्लिट हे मुंबईचे बँड याच वाटेने गेले. डेमॉनिक रेझरेक्शनचा २०१७ चा 'दशावतार' हा अल्बम मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाण्यांत बांधलेला आहे. तो क्रमानेच ऐकायला हवा. मधले एखादे गाणे वेगळे काढले तर बांधणीच हरवते. दशावताराचे खेळ पाहत वाढलेल्या कोकणी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

डेमॉनिक रेझरेक्शन उभा राहत होता त्याच सुमारास रंगभवन गेले. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरले. रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज आणि जवळच रुग्णालये. २००३ च्या सुमारास तिथल्या मैफली थांबल्या. शहराने स्वस्त आणि रेल्वेला लागून असलेली जागा गमावली, आणि मेटलच्या चाहत्यांचे त्यानंतर झालेले हाल पाहता, तिची भरपाई कधी झाली नाही असेच म्हणावे लागते. आय-रॉक पुढे बंद पडला आणि २०२२ मध्ये नव्या प्रायोजकासह पुन्हा भरला. मोठ्या मैफली वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर गेल्या. आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ रोजी आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईतच केली. छोट्या मैफली लोअर परळ, खार, अंधेरीच्या क्लबांत गेल्या, जिथे आत जायलाच शंभरदा विचार करावा लागेल असे दर होते.

नेमक्या याच वर्षांत मीरा-भाईंदर शहर झाले. मीरा, भाईंदर, नवघर, काशी, घोडबंदर या ग्रामपंचायती मिळून १२ जून १९८५ रोजी नगरपरिषद स्थापन झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. मुंबईत घर परवडेनासे झालेल्या कुटुंबांनी मीरा रोडच्या पूर्वेला शांतीनगरसारख्या वसाहतींत खोल्या घेतल्या. २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर पोचली. मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय, हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती अशी सगळी कुटुंबे एकाच जिन्याला लागून राहू लागली. मुलांची कॉलेजे मात्र अंधेरी, विलेपार्ले, चर्चगेटला, आणि मैफलीही तिकडेच.

मीरा रोडहून चर्चगेट सुमारे चाळीस किलोमीटर. धोबी तलावावर मैफल होती तोवर मरीन लाइन्सला उतरून चालत जाता येई आणि रात्रीची विरार लोकल पकडून परतता येई. लोअर परळच्या क्लबात बँड रात्री दहानंतर वाजवायला उभा राहतो, आणि शेवटच्या गाड्यांची वेळ तर मध्यरात्रीच्या थोडी पुढे. शेवटची तीन गाणी सोडून स्टेशनकडे पळणे, हे उपनगरातल्या चाहत्याच्या नशिबी ठरलेलेच. बॅकपॅक, गिटार आणि संध्याकाळच्या विरार फास्टची गर्दी, हे गणित तर वाजवणाऱ्यांनाच ठाऊक. म्हणून या शहरात मेटल मुख्यतः ऐकले जाते ते घरात, खोलीत, इअरफोनवर. सोसायटीतल्या भिंती पातळ असतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि शेजारच्या आजारी माणसाचा विचार कायद्याच्याही आधी येतो. ड्रमच्या दुहेरी पेडलचा आघात छातीत जाणवेल इतका आवाज घरी ठेवता येत नाही. जागा बंदिस्त आणि आवाज पक्का, वेळ संध्याकाळची आणि कार्यक्रम तासाभराचा, असा मेळ लिसनिंग पार्टीत जमतो. मैफलीसारखा मोठा मंच, प्रकाशयोजना, सुरक्षेचा ताफा लागत नाही. मुंबईच्या उत्तर टोकाच्या शहराला मेटल ऐकण्याचा याहून सोयीचा प्रकार नाही.

मेटलला असे ऐकण्याची गरज इतर संगीतापेक्षा जास्त आहे, त्याची कारणे संगीतातच आहेत. गिटारचा आवाज विकृत करून इतका भरलेला असतो की बारीक स्पीकरवर दोन गिटारी आणि बास यांचा एकच गोळा होतो. चांगल्या यंत्रणेवर त्या तीन ओळी वेगळ्या ऐकू येतात. घशातून खरवडून काढलेल्या गायनातले शब्द पहिल्यांदा कळत नाहीत, म्हणून हाती छापील शब्द लागतात. लय मध्येच बदलते, सहाची सातवर जाते, आणि ती सांगड शेजारी बसलेल्याच्या मानेच्या हालचालीवरून पटकन लक्षात येते. ख्यालाच्या मैफलीत जाणकार श्रोता समेवर हात टाकतो तेव्हा नवख्याला ताल उमगतो. इथेही तसेच होते.

मोबाइलवर सगळे संगीत आले तेव्हा अशा जमण्याची गरज संपायला हवी होती. झाले उलटेच. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद पडले, कॅसेट आणि सीडीची दुकाने गेली, अल्बमऐवजी सुटी गाणी ऐकली जाऊ लागली, आणि तेव्हाच अल्बम अखंड ऐकण्यासाठी जमण्याला किंमत आली. माहीमच्या द रिव्हॉल्वर क्लब या रेकॉर्डींच्या दुकानात श्रवणसत्रे होऊ लागली. पण महाराष्ट्रात ही रीत अव्याहत जपली ती जुन्या रेकॉर्डींच्या संग्राहकांनी. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डींची श्रवणसत्रे घेत आली आहे. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या संग्राहकांनी त्यासाठी आयुष्य वेचले. पुणे, सोलापूर, नांदेड इथेही तिच्या शाखा झाल्या. रेकॉर्ड लावायची, ती कधी आणि कुठे ध्वनिमुद्रित झाली ते सांगायचे, शांतपणे ऐकायचे, मग बोलायचे. डोंबिवलीचे आजोबा बालगंधर्वांची रेकॉर्ड ऐकायला जातात आणि मीरा रोडचा नातू नव्या मेटल अल्बमच्या श्रवणाला, यांच्या वागण्यात काडीचाही फरक नाही. दोघांनाही संगीत पार्श्वभूमीला नको असते.

फरक आहे तो नोंदींचा. रेकॉर्ड संग्राहकांनी आपल्या कामाचे अंक, याद्या, सूची छापून ठेवल्या. मुंबईच्या मेटलचा इतिहास मात्र आय-रॉकच्या तिकिटांच्या तुकड्यांत, बँडांनी हाताने वाटलेल्या डेमो सीडींत, झेरॉक्स केलेल्या जाहिरातींत आणि बॉलपेनने नावे लिहिलेल्या कॅसेटींत पडून आहे. चुंबकीय फीत बुरशीने आणि दमटपणाने खराब होते, आणि खाडीकाठच्या शहरात ती लवकरच होते. मीरा-भाईंदरमध्ये किंवा मुंबईच्या कोणत्याही उपनगरात ज्यांच्या माळ्यावर असा खोका असेल, त्यांनी तो या पावसाळ्याआधी खाली काढावा, कॅसेटींचे संगणकावर रूपांतर करून घ्यावे, आणि प्रत्येकीवर बँडचे नाव, साल आणि ती कोणाकडून मिळाली ते लिहून ठेवावे.